निदान संगणकाचे, उपचार आपले

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बँकेची खिडकी येते, रेल्वेचे आरक्षण येते, फार तर सातबाऱ्याचा उतारा येतो. रस्त्यावरच्या आरोग्याशी त्याचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु आपल्या चारोटीवरून जाणारे कोणतेही चारचाकी वाहन घ्या. टोलनाक्यावर काचेवरच्या फास्टॅगमधून पैसे कापले जातात, त्याच क्षणी वाहनाचा क्रमांक आणि वेळ यांची नोंद होते. वाटेतला कॅमेरा त्याचे चित्र टिपतो. चालकाच्या खिशातला मोबाइल आपण कोठे आहोत हे सतत कळवत असतो. गाडी नवीन असेल तर तिच्या पोटातही एक लहानसा संगणक जागा असतो. या सगळ्या नोंदींना हल्ली 'डेटा' म्हणतात. आपण त्याला साध्या भाषेत नोंद किंवा माहिती म्हणू.

डॉक्टर रुग्णाची नाडी पाहतो, ताप मोजतो, रक्त तपासतो आणि मग निदान करतो. रस्त्याची नाडी पाहण्याचे काम आता ही यंत्रे करू लागली आहेत. त्यांनी केलेले निदान आपल्या तालुक्याच्या दृष्टीने गंभीर आहे. म्हणून या आठवड्यात औषध-गोळ्यांचा विषय बाजूला ठेवून महामार्गावरच्या अपघातांविषयी आणि त्यांच्या आकड्यांविषयी बोलू.

अपघात हाही एक आजारच

'अपघात' या शब्दातच एक गोंधळ आहे. जे अकस्मात घडते, ज्याला इलाज नाही, ते म्हणजे अपघात, असे आपण धरून चालतो. 'नशिबात होते, गेला बिचारा' असे म्हणून आपण मोकळे होतो. हिवताप किंवा पटकीबद्दल एके काळी लोक हेच म्हणत असत. पुढे डास सापडला, दूषित पाणी सापडले आणि नशिबाची जागा कारणांनी घेतली.

अपघातांकडेही असेच पाहावे, हा विचार विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरने गेल्या शतकात मांडला. १९६६ मध्ये तिकडे रस्ता सुरक्षेचे सरकारी खाते सुरू झाले, त्याचे हे पहिले प्रमुख. त्यांनी एक साधा तक्ता तयार केला. माणूस, वाहन आणि रस्ता या तिन्हींची तपासणी अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर अशा तीन वेळांना करायची. म्हणजे 'चूक कोणाची' एवढ्या एकाच प्रश्नाऐवजी नऊ प्रश्न उभे राहतात. चालक झोपेत होता का, हा त्यातला एक. पुलाचा कठडा कसा होता, पट्टा लावला होता का, रुग्णवाहिका किती वेळात आली, हेही तितकेच महत्त्वाचे.

आपल्या देशात या आजाराची साथ केवढी आहे, ते पाहा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. रोजची सुमारे ४६० माणसे झाली, तासाला एकोणीस. त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक मृत्यू झाले. देशभरात मेलेल्यांपैकी जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते आणि सुमारे २० टक्के पायी चालणारे. म्हणजे हा मोठ्या मोटारींतून फिरणाऱ्यांचा आजार आहे, ही समजूत खोटी आहे. मोटारसायकलवरून कंपनीत पाळीला जाणारा तरुण आणि बाजारासाठी रस्ता ओलांडणारी बाई, हेच याचे खरे रुग्ण.

एका पंपाची गोष्ट

नुसत्या नोंदींनी जीव कसे वाचतात, याचे वैद्यकशास्त्रातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८५४ सालचे आहे. लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. थोड्याच दिवसांत सहाशेच्या वर माणसे दगावली. घाणेरड्या हवेने पटकी होते, असे त्या काळी मानत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला ते पटत नव्हते. त्याने घरोघर जाऊन कोण मेले, कोठे राहत होते आणि पाणी कोठून भरत होते, याची चौकशी केली. पुढे हे मृत्यू नकाशावर मांडले गेले, तेव्हा बहुतेक खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती गोळा झालेल्या दिसल्या. स्नोने ही माहिती तेथील स्थानिक मंडळापुढे ठेवली आणि ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

या गोष्टीत दोन भाग आहेत, हे ध्यानात ठेवावे. पहिला भाग नोंदीचा, दुसरा दांडा काढण्याचा. स्नोने नुसता नकाशा केला असता आणि पंप तसाच चालू राहिला असता, तर तो नकाशा फक्त पुस्तकात उरला असता. संगणक आज स्नोचे काम फार चांगले करतो. दांडा मात्र आजही माणसालाच काढावा लागतो.

आपल्या रस्त्याचा नकाशा

मुंबई–अहमदाबाद महामार्गाला पूर्वी आपण आठ नंबरचा रस्ता म्हणत होतो, आता त्याचा क्रमांक ४८ आहे. चारोटीला या महामार्गाला डहाणूकडून येणारा आणि कासा, जव्हारमार्गे नाशिककडे जाणारा रस्ता मिळतो. लांब पल्ल्याचे ट्रक, गुजरातकडे धावणाऱ्या मोटारी, औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या दुचाकी, गच्च भरलेल्या जीपगाड्या आणि पायी चालणारी माणसे असे सगळे येथे एकत्र येतात. चैत्रात महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा तर गर्दीला पारावार राहत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये महामार्ग पोलिसांच्या हवाल्याने या रस्त्याचे आकडे प्रसिद्ध झाले होते. ठाण्याच्या घोडबंदरपासून आपल्या दापचरीपर्यंतच्या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षाच्या सुरुवातीपासून २६२ अपघात झाले होते. त्यांत किमान ६२ माणसे मरण पावली आणि १९२ जखमी झाली. आता या ६२ मृत्यूंची विभागणी पाहा. चारोटीजवळ २५ गंभीर अपघातांत २६ मृत्यू, वसईजवळ चिंचोटी येथे ३४ गंभीर अपघातांत २५ मृत्यू आणि मनोरजवळ १० अपघातांत ११ मृत्यू.

बेरीज केली तर ६२ ही संख्या या तीनच ठिकाणांत संपते. शंभर किलोमीटरचा रस्ता, आणि मरण मात्र तीन जागी साठलेले. हेच आपले ब्रॉड स्ट्रीटचे पंप! अपघात निव्वळ नशिबाने झाले असते, तर ते रस्ताभर सारखे विखुरलेले दिसले असते. एका जागी पुन्हा पुन्हा माणसे मरतात, तेव्हा त्या जागेत काही तरी दोष आहे, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

अशा जागांना सरकारी भाषेत 'अपघातप्रवण स्थळ' किंवा 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. राष्ट्रीय महामार्गासाठी त्याची व्याख्या ठरलेली आहे. साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत मिळून दहा मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण ठरते.

गाडीच्या पोटातला संगणक

हे आकडे वर्तमानपत्रांत आले त्याला एक निमित्त होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी, प्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर दुभाजकाला धडकली. मोटार गुजरातमधून मुंबईकडे चालली होती. मागच्या आसनावर बसलेले मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी यांचा मृत्यू झाला, पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे तपासात सांगण्यात आले. तीन मार्गिकांचा रस्ता पुलाजवळ दोन मार्गिकांचा होतो, याचीही त्या वेळी बरीच चर्चा झाली.

या तपासात संगणकाने दिलेली साक्ष समजून घेण्यासारखी आहे. आधुनिक मोटारीत हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, उघडण्याचा निर्णय एक छोटा संगणक घेतो. गाडीचा वेग एकाएकी किती घटला, हे त्याची संवेदके सतत मोजत असतात. धडक बसली की डोळ्याची पापणी लवण्याच्या आत निर्णय होऊन पिशवी फुगलेली असते. हाच संगणक धडकेपूर्वीच्या काही सेकंदांची नोंदही जपून ठेवतो. वेग किती होता, ब्रेक दाबला होता का, पट्टा लावला होता का, अशा गोष्टी त्यात सापडतात. विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा हा धाकटा भाऊ म्हणता येईल.

मोटार बनवणाऱ्या कंपनीने ही नोंद वाचून पोलिसांना प्राथमिक अहवाल दिला. धडकेच्या पाच सेकंद आधी मोटारीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता. मग ब्रेक दाबला गेला आणि प्रत्यक्ष धडकेच्या वेळी तो ८९ होता. दुसरीकडे, वाटेतल्या नाक्याच्या कॅमेऱ्यातली वेळ आणि अपघाताची वेळ पाहता मोटारीने सुमारे २० किलोमीटर अंतर ९ मिनिटांत कापले, असे पोलिसांच्या हवाल्याने त्या वेळी सांगण्यात आले. हिशेब शाळेतला आहे. ९ मिनिटांत २० किलोमीटर म्हणजे तासाला सुमारे १३३.

या हिशेबाला यंत्राची जोड दिली की वेगावर नियंत्रण ठेवता येते. एका कॅमेऱ्यासमोर वेग कमी करून पुढे पुन्हा सुसाट जाणारे पुष्कळ असतात. दोन कॅमेऱ्यांमधले अंतर आणि वेळ यांवरून सरासरी वेग काढला, तर ही चलाखी चालत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशा प्रकारची यंत्रणा वापरात आली आहे.

८९ या आकड्याचा शरीराला अर्थ काय?

ताशी ८९ किलोमीटर हा आकडा ऐकायला फारसा भयंकर वाटत नाही. महामार्गावर आपण तो रोज ओलांडतो. त्याचे भाषांतर उंचीत करून पाहू. एखादी वस्तू सुमारे ३१ मीटर उंचीवरून खाली सोडली, तर जमिनीवर आदळताना तिचा वेग तेवढाच असतो. ३१ मीटर म्हणजे साधारण दहा मजली इमारत. ताशी ५० किलोमीटर हा वेगसुद्धा सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तीन मजल्यांवरून पडण्याएवढा आहे. दहाव्या मजल्याच्या गच्चीवर कठड्याशिवाय कोणी उभे राहील काय? पट्ट्याशिवाय मागच्या आसनावर बसणारा नेमके तेच करत असतो.

प्रत्येक अपघातात खरे तर तीन धडका होतात. पहिली गाडीची, समोरच्या वस्तूवर. दुसरी शरीराची, गाडीच्या आतल्या भागावर. गाडी थांबली तरी पट्टा न लावलेले शरीर जुन्याच वेगाने पुढे जात राहते. तिसरी धडक शरीराच्या आत होते. मेंदू कवटीवर आदळतो, यकृत आणि प्लीहा फाटतात, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी तुटू शकते. बाहेर ओरखडाही दिसत नाही, आणि आत रक्तस्राव चाललेला असतो. म्हणूनच 'चांगला बोलत होता हो, आणि तासाभरात गेला' असे आपण ऐकतो.

पट्टा दुसरी धडक टाळतो आणि तिसरीचा जोर कमी करतो. तो धक्क्याचा भार खांदा, छाती आणि कमरेच्या मजबूत हाडांवर वाटून देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पट्ट्यामुळे पुढे बसणाऱ्यांचा मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत आणि मागे बसणाऱ्यांचा सुमारे पाव हिश्शाने कमी होतो. शिवाय मागचा माणूस मोकळा असला की तो पुढच्याच्या पाठीवर आदळतो आणि दोघांच्याही जिवावर बेततो. पट्टा लावताना त्याचा खालचा भाग पोटावर न घेता कमरेच्या हाडावर घ्यावा. गरोदर स्त्रीनेही पट्टा लावावा. खालचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या बाजूस आणि तिरपा भाग दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने जाईल असा.

दुचाकीवाल्यांना पट्टा नाही, त्यांचा पट्टा म्हणजे हेल्मेट. त्याने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मरण पावले. त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. चालवणाऱ्याला हेल्मेट आणि मागच्या बायकोला पदर, ही वाटणी या आकड्यापुढे टिकत नाही. हनुवटीचा पट्टा न आवळलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जाते, हेही लक्षात ठेवावे.

पायी चालणाऱ्याजवळ तर पट्टाही नाही आणि हेल्मेटही नाही. त्याचे रक्षण फक्त समोरच्या वाहनाच्या कमी वेगात आहे. वाहनाचा वेग ताशी ५० वरून ६५ वर गेला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटींनी वाढतो.

जागेवरची नोंद

पूर्वी अपघाताची माहिती ठाण्याच्या वहीत राहत असे. 'चालकाचा निष्काळजीपणा' असे एक ठराविक वाक्य लिहिले की बहुधा काम संपे. अशा हजार वाक्यांतूनही रस्त्याचा दोष सापडत नसे. आता ही पद्धत बदलली आहे. आय.आय.टी. मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयासाठी अपघातांची एकत्रित माहिती ठेवणारी संगणकीय व्यवस्था तयार केली. ती 'आयरॅड' आणि पुढे 'ई-डार' या नावांनी ओळखली जाते. सुरुवातीला ती ज्या सहा राज्यांत आणली गेली, त्यांत महाराष्ट्र होता.

तिचे काम असे चालते. पोलीस अंमलदार अपघाताच्या जागी मोबाइलवरच माहिती भरतो, छायाचित्रे घेतो. उपग्रहाच्या साहाय्याने जागेची अचूक नोंद होते आणि त्या अपघाताला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. मग त्याच क्रमांकाखाली परिवहन खाते वाहनाची तपासणी नोंदवते, रस्ता विभागाचा अभियंता रस्त्याची अवस्था लिहितो आणि रुग्णालय जखमांची माहिती भरते. डॉक्टर हॅडनच्या तक्त्यातले माणूस, वाहन आणि रस्ता असे तिन्ही रकाने अशा रीतीने भरले जातात.

परंतु यंत्र कितीही हुशार असले, तरी जे सांगितलेच नाही ते त्याला कळत नाही. २०२१ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,५३,९७२ मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. त्याच वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे २ लाख १६ हजारांचा आहे. पाड्यावरचा तरुण रात्री मोटारसायकलवरून पडतो, नातलग 'कशाला पोलिसांची भानगड' म्हणून परस्पर घरी नेतात आणि चार दिवसांनी तो दगावतो. हा मृत्यू कोठल्याच नकाशावर उमटत नाही. ज्या वळणावर तो पडला ते वळण कागदोपत्री सुरक्षितच राहते, आणि पुढच्या महिन्यात तेथेच आणखी कोणी पडते.

म्हणून वाचकहो, अपघाताची नोंद करणे हे केवळ विम्याच्या पैशांसाठी नसते. ती आपल्यामागून येणाऱ्या माणसासाठी असते. नोंद करताना 'चारोटीजवळ' एवढेच सांगू नका. कोणत्या पुलावर, कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळ, वाहन मुंबईकडे चालले होते की गुजरातकडे, तेथे दिवा होता का, खड्डा होता का, हे सांगा आणि लिहून घेतले ना, तेही पाहा.

दांडा निघू शकतो

हे सगळे केल्याने फरक पडतो काय? पडतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी मिळून प्रत्येक अपघाताचा बारकाईने अभ्यास सुरू केला. कोठे उघडे खांब आहेत, कोठे कठड्याची टोके धोकादायक आहेत, कोठे ट्रक उभे राहतात, याच्या याद्या झाल्या आणि एकेक दोष दुरुस्त होऊ लागला. पुढच्या काही वर्षांत मृत्यूंची संख्या शंभराच्या आत आली. अजून ती शून्य नाही, पण रस्ता तोच, माणसे त्याच स्वभावाची, आणि तरीही डझनावारी जीव वाचले.

आपल्याकडेही अपघातप्रवण जागांची माहिती मागण्याचा आणि तेथे काय सुधारणा झाली हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि प्रत्येक नागरिकाला आहे. 'अपघात फार होतात' या तक्रारीला फारसे वजन नसते. 'या ५०० मीटरमध्ये तीन वर्षांत इतके मृत्यू झाले आहेत' या वाक्याला असते. आकडा हे सामान्य माणसाचे हत्यार आहे, ते त्याने वापरले पाहिजे.

पहिला एक तास

अपघात झालाच, तर पुढचा एक तास सोन्याच्या मोलाचा. कायद्यानेही दुखापतीनंतरच्या एका तासाला 'सुवर्ण तास' मानले आहे. आपल्या भागात प्रथम कासा किंवा डहाणू आणि गंभीर जखमीला पुढे वापी, सिल्वासा किंवा मुंबईच्या बाजूला न्यावे लागते. अंतर मोठे, म्हणून सुरुवातीची मिनिटे वाया घालवू नयेत. पुढील गोष्टी पाठच करून ठेवाव्यात.

१. १०८ किंवा ११२ क्रमांक फिरवावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हाही क्रमांक आहे. बोलताना घाबरून 'लवकर या' एवढेच न म्हणता किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, रस्त्याची बाजू आणि जखमींची संख्या सांगावी. मुंबईकडची बाजू की गुजरातकडची, हे न कळल्यास रुग्णवाहिकेला पुढून वळून यावे लागते.

२. आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. मागून येणाऱ्या वाहनांना दुरूनच इशारा द्यावा.

३. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. सारखी उचलून पाहू नये. जखमेवर हळद, चुना, माती काही लावू नये.

४. मान व पाठ यांना धक्का न लागेल असे पाहावे. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नये, बसते करू नये. पाणी, चहा पाजू नये. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते, शिवाय शस्त्रक्रियेत अडचण येते.

५. वेळ ध्यानात ठेवावी. अपघात किती वाजता झाला, तो शुद्धीवर होता का, उलटी झाली का, हे डॉक्टरांना सांगावे. शुद्ध किती आहे हे डॉक्टर ३ ते १५ गुणांच्या एका मोजपट्टीने ठरवतात. १९७४ साली ग्लासगो शहरातल्या डॉक्टरांनी ती तयार केली. रुग्णाचे गुण वाढत आहेत की घटत आहेत, यावरून मेंदूची अवस्था कळते. तुम्ही दिलेली पहिली माहिती त्या मोजपट्टीची सुरुवात असते.

६. जखमीचे फोटो काढून गावभर पाठवू नयेत. घरच्यांना आपल्या माणसाचे मरण मोबाइलवरून कळावे, याहून क्रूर काय असेल?

मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती आता बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुढे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लागू केलेल्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी अपघाताची पडताळणी वर सांगितलेल्या 'ई-डार' मधील नोंदीवरूनच होते. नोंद टाळणारा आपल्याच माणसाचा उपचाराचा हक्क घालवतो, तो असा.

आजच करण्याजोगे एक काम

बहुतेक मोबाइलमध्ये आपत्कालीन माहिती भरण्याची सोय असते. फोन कुलूपबंद असला तरी ती पडद्यावर उघडता येते. रक्तगट, चालू असलेली औषधे, मधुमेह, फिट्स किंवा सिकलसेलसारखा आजार, औषधाची अॅलर्जी आणि दोन नातलगांचे क्रमांक तेथे लिहून ठेवावेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी तर हे न चुकता करावे, कारण अशा रुग्णाचा रक्तस्राव लवकर थांबत नाही. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला सांगा, पाच मिनिटांत करून देईल. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांनी हीच माहिती कागदावर लिहून पाकिटात ठेवावी. कागदही माहितीच सांगतो, आणि त्याची बॅटरी संपत नाही.

गाडीतला संगणक धडकेपूर्वीचे शेवटचे पाच सेकंद लिहून ठेवतो. ते पाच सेकंद नंतर पोलीस वाचतात, अभियंते वाचतात, वर्तमानपत्रे छापतात. त्या नोंदीत पट्ट्याच्या रकान्यापुढे 'होय' असावे की 'नाही', हे मात्र गाडी सुरू करण्यापूर्वीच्या पाच सेकंदांत आपल्या हाती असते.